पॅकेट पोचलं, उत्तर हरवलं

वाचकाचं पत्र

आमच्या छोट्या कार्यालयात पहिल्यापासून एकच राउटर आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. यंत्रं वाढली तसे आतल्या खोलीतले संगणक वेगळ्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या तुकड्यात, ठेवायचं ठरवलं आणि दुसरा राउटर बसवला. त्याच्या बाहेरच्या पोर्टला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, आतल्या बाजूला १९२.१६८.२.१. मास्क सगळीकडे २५५.२५५.२५५.०, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे सबनेटचे. (पुढे पत्त्यांतलं १९२.१६८ गाळून लिहितो.) दोन्ही खोल्यांनी एकमेकींशी बोलावं म्हणून नव्या राउटरवरचं नॅट (पॅकेटवरचा पत्ता बदलण्याची सोय) बंद केलं. आता माझ्या २.१० या संगणकावरून १.२ ला पिंग होतं, म्हणजे हाकेला उत्तर येतं, पण १.२० वरचा फाइल-सर्व्हर उत्तर देत नाही, १.५० वरचा प्रिंटर देत नाही आणि इंटरनेटही बंद. केबल बदलल्या, नवा राउटर परत करून तसलाच दुसरा आणला, काही फरक नाही. जुन्या राउटरवर २.० साठी गेटवे २.१ असा स्टॅटिक राउट (हाताने लिहिलेली वाटेची नोंद) टाकून पाहिला, तो घेतच नाही. नॅट परत चालू केलं की माझ्याकडून सगळं चालतं, पण मग बाहेरच्या खोलीतून माझ्या संगणकावरचं सामायिक फोल्डर उघडत नाही. दोन रात्री यात गेल्या. चूक कुठे होतेय?

उत्तर

नमस्कार,

त्या दोन रात्रींचं मला खरंच वाईट वाटलं, कारण निदान तुमच्या हातात आधीच होतं. नॅट चालू केलं की सगळं चालतं, हे तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. अख्ख्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच.

नॅट चालू असताना नवा राउटर काय करतो ते बघा. तुमच्या संगणकाकडून निघालेल्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, पाठवणाऱ्याचा पत्ता २.१० असतो. राउटर तो पुसून तिथे स्वतःचा १.२ हा पत्ता लिहितो. फाइल-सर्व्हरला वाटतं, विचारणारा आपल्याच सबनेटमधला शेजारी आहे. तो उत्तर सरळ शेजाऱ्याला देतो, शेजारी ते तुमच्यापर्यंत आणतो. नॅट बंद केलं की पॅकेट २.१० हाच पत्ता घेऊन सर्व्हरपाशी जातं. केबल त्याच, राउटर तोच, जाण्याचा रस्ताही तोच. बदललं ते एवढंच, की सर्व्हरला आता उत्तर १.२ ला न देता २.१० ला द्यायचं आहे. तिथे सगळं अडतं, म्हणजे जाण्याची वाट धड आहे आणि परतीची वाट नाही.

आता त्या उत्तराच्या मागे मागे जाऊ. सर्व्हर आपला पत्ता आणि मास्क बघतो: मी १९२.१६८.१ मधला, २.१० काही माझ्या वाडीतला नाही. जो आपल्यातला नाही त्याच्यासाठीचं पॅकेट गेटवेकडे द्यायचं. सर्व्हरचा गेटवे कोण? जुना राउटर, १.१. नवा राउटर त्याच स्विचवर (जिथे सगळ्या केबल एकत्र येतात) शेजारी बसलेला असतो, पण सर्व्हरला ते कुणी सांगितलेलं नाही. जुना राउटर आपलं राउटिंग टेबल, म्हणजे वाटांची यादी, उघडतो. त्यात दोनच गोष्टी आहेत: १९२.१६८.१.० हे माझं घर, आणि बाकी सगळं जग इंटरनेट पुरवठादाराच्या दिशेला. २.० चं नाव कुठेच नाही. म्हणून तो तुमचं उत्तर इमानेइतबारे बाहेर, पुरवठादाराकडे पाठवून देतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखलेले आहेत, १९९६ चा आरएफसी १९१८ हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज तेच सांगतो. सार्वजनिक इंटरनेटवर त्यांना वाट नाही. पॅकेट तिथे टाकून दिलं जातं, बहुधा कुणी काही कळवतही नाही. तुमच्या पडद्यावर उमटतं ते फक्त 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'.

प्रिंटरचं हेच होतं. इंटरनेटचंही हेच: बाहेरच्या सर्व्हरचं उत्तर १.१ पर्यंत येतं, १.१ ला ते २.१० ला द्यायचं असतं, तो टेबल बघतो आणि ते पुन्हा आल्या दारानेच बाहेर घालवतो.

मग १.२ ला पिंग कसं झालं? या एका गोष्टीनं तुमची सगळ्यात जास्त दिशाभूल केली असणार. १.२ आणि २.१ हे दोन पत्ते एकाच यंत्राचे आहेत. तुमचं पॅकेट २.१ च्या पोर्टमधून आत शिरलं, राउटर म्हणाला १.२ तर मीच, आणि त्याने तिथल्या तिथे उत्तर दिलं. २.० कुठे आहे हे त्याला पुरतं ठाऊक आहे, तो स्वतःच त्यात उभा आहे. पॅकेट त्याच्या पलीकडे गेलंच नाही. म्हणून या पिंगने एवढंच सिद्ध होतं की तुमच्या संगणकापासून नव्या राउटरपर्यंत सगळं ठीक आहे. जुन्या सबनेटचा पत्ता उत्तर देतोय म्हणजे जुनं सबनेट दिसतंय, असा अर्थ काढणं अगदी साहजिक आहे, पण तो खरा नाही.

ट्रेसर्टही (वाटेतले राउटर एकेक करून दाखवणारी कमांड) इथे फसवतो. तुम्ही तो चालवला असेल तर पहिल्या ओळीत २.१ आणि पुढे नुसत्या तारका दिसल्या असतील. ते पाहून कुणीही म्हणेल, नवा राउटर पुढे काही पाठवतच नाही. म्हणूनच तुम्ही तो परत केलात ना? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं ते. तारकांचा अर्थ पॅकेट पोचलं नाही असा होत नाही. तिथून उत्तर तुमच्यापर्यंत आलं नाही, एवढाच होतो. पिंग हे नावच त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये तो प्रोग्राम लिहिला तेव्हा पाणबुडीतल्या सोनार यंत्राच्या, म्हणजे आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राच्या, आवाजावरून हे नाव ठेवलं. सोनारला आवाज गेला की नाही हे कळत नाही, प्रतिध्वनी आला की नाही तेवढं कळतं. प्रत्येक पिंग म्हणजे दोन वेगळे प्रवास. जाताना ज्यांनी वाट दाखवली, येताना तेच दाखवतील याची काहीही खात्री नसते, कारण प्रत्येक राउटर आणि प्रत्येक संगणक फक्त स्वतःच्या टेबलात बघून ठरवतो.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून लगेच राउटरला हात लावू नका. आधी निदान पडताळून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. फाइल-सर्व्हर विंडोजवर असेल असं धरतो. त्यावर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांडची खिडकी उघडा आणि लिहा: राउट ॲड १९२.१६८.२.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.२. (इथे मी कमांड उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप मात्र रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत करा.) याचा अर्थ, २.० कडे जायचं असेल तर १.२ ला विचार. आता २.१० वरून १.२० ला पिंग करा. चाललं, आणि प्रिंटर मात्र अजून गप्पच राहिला, तर पुरावा पक्का झाला: ज्या एका यंत्राला परतीची वाट सांगितली तेवढंच बोलू लागलं. ही नोंद तात्पुरती असते, सर्व्हर पुन्हा सुरू केला की आपोआप जाते. कमांडमध्ये राउटनंतर उणे पी जोडलं तर कायम राहते, पण आत्ता जोडू नका. सर्व्हर लिनक्सवर असेल तर 'आयपी राउट गेट १९२.१६८.२.१०' एवढं विचारा. तो या पत्त्यासाठी कुठे वळणार आहे ते एका ओळीत सांगतो. तिथे १.१ दिसेल.

या नोंदीनंतरही पिंग झालं नाही, तर सर्व्हरवर वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावून बघा. २.१० ची विनंती येताना दिसली आणि उत्तरच निघालं नाही, तर दोष फायरवॉलचा, म्हणजे नको ती पॅकेटं अडवणाऱ्या यंत्रणेचा. विनंतीच आली नाही, तर दोष जाण्याच्या वाटेवर. तुमच्या बाबतीत नॅटसकट सगळं चालत होतं, म्हणून ती शक्यता मी बाजूला ठेवतो. पण ज्यांनी जुन्या संगणकात दोन नेटवर्क-कार्डं घालून त्याचाच राउटर केला असेल त्यांनी हे आधी तपासावं. लिनक्समध्ये एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर पॅकेट पुढे पाठवणं मुळात बंद असतं. 'नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड' ही किंमत १ केल्याशिवाय ते सुरू होत नाही.

आता खरी दुरुस्ती. एकेका यंत्राला वाट शिकवत बसायचं नाही. सगळे ज्याला विचारतात त्या १.१ लाच शिकवायचं. तुम्ही तिथे स्टॅटिक राउट टाकायला गेलात तिथपर्यंत अगदी बरोबर होतात, फक्त गेटवे चुकला. लिहायचं ते असं: डेस्टिनेशन १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२. इंटरफेस विचारला तर लॅन, म्हणजे आतली बाजू.

२.१ का चालत नाही, हे नीट समजून घ्या, कारण ही चूक मी फार वेळा पाहतो. राउटमधला गेटवे म्हणजे जिथे जायचं आहे त्या गावचा दरवाजा नव्हे. गेटवे म्हणजे पुढचा टप्पा, आणि पुढचा टप्पा हा आत्ता ज्याच्याशी थेट बोलता येतं असा शेजारीच असावा लागतो. १.१ ला पॅकेट हातात द्यायचं तर त्या शेजाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क-कार्डाचा स्वतःचा पत्ता, हवा. तो मिळवायला १.१ आपल्या सबनेटमध्ये एआरपीची हाक मारतो: हा आयपी पत्ता कुणाचा? ती हाक १९२.१६८.१ च्या बाहेर ऐकू जात नाही. २.१ कुठे आहे हे कळायला आधी २.० ची वाट ठाऊक हवी, आणि आपण तर तीच वाट सांगायला निघालोय. तुमच्या राउटरने नोंद नाकारली हे उलट बरंच झालं. काही राउटर ती निमूट घेतात आणि मग माणूस आठवडाभर शोधत बसतो.

नोंद सेव्ह केली की आधी २.१० वरून १.१ ला पिंग करा, मग १.२० ला, मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. याच क्रमाने, कारण जिथे अडेल तिथलं कारण वेगळं असेल. १.१ आणि १.२० दोन्ही उत्तर देतात आणि ८.८.८.८ देत नाही, तर तुमचा जुना राउटर फक्त स्वतःच्याच सबनेटसाठी नॅट करतोय. बरेच घरगुती राउटर बाहेर जाणाऱ्या सगळ्यांसाठी करतात, काही करत नाहीत. नॅटच्या पानावर २.० जोडायची सोय असेल तर जोडा. ८.८.८.८ उत्तर देतो पण नावाने कोणतंही संकेतस्थळ उघडत नाही, तर प्रश्न डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. काही राउटर फक्त आपल्या सबनेटमधल्यांनाच नावं सांगतात आणि २.१० ला परका समजून गप्प राहतात. अशा वेळी नव्या राउटरच्या डीएचसीपीमध्ये (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) दुसरा डीएनएस द्यायचा.

इथवर आलात तरी तुमचं मूळ काम, म्हणजे बाहेरच्या खोलीतून तुमचं फोल्डर उघडणं, कदाचित अजून होणार नाही. त्याची तीन कारणं असू शकतात, आणि तिन्ही एकदम असू शकतात.

पहिलं, विंडोजची फायरवॉल. 'प्रायव्हेट' म्हणून निवडलेल्या नेटवर्कवर फाइल शेअरिंगचे आणि त्याच गटातला पिंगचा नियम मुळात फक्त 'लोकल सबनेट' साठी खुले असतात. म्हणजे २.११ ला तुमचा संगणक उत्तर देईल, १.२० ला देणार नाही, आणि तुम्हाला वाटेल राउटिंगच बिघडलंय. सर्व्हरवरही हेच लागू, वरच्या परीक्षेत तो गप्प राहिला तर आधी इथेच बघा. संशय आला तर फायरवॉल एक मिनिट बंद करून पिंग करा आणि लगेच चालू करा. बंद ठेवून काम भागवू नका, कृपा करून. नियमाच्या 'स्कोप'मध्ये, 'रिमोट आयपी ॲड्रेस'खाली दुसरं सबनेट जोडायचं. तुमच्या संगणकावर १९२.१६८.१.०/२४, सर्व्हरवर १९२.१६८.२.०/२४ (/२४ म्हणजे तोच २५५.२५५.२५५.० मास्क).

दुसरं, नवा राउटर. त्याचं नॅट बंद केलंत, पण त्याच्या लेखी बाहेरचा पोर्ट म्हणजे अजूनही इंटरनेट. तिकडून आपणहून येणारं काहीही अडवायचं, असं त्याला कारखान्यातूनच शिकवलेलं असतं. आतून सुरू झालेलं संभाषण चालतं, बाहेरून सुरू होणारं नाही. त्याच्या फायरवॉलमध्ये १.० कडून २.० कडे येणाऱ्याला परवानगी द्या. तसा नियम लिहायची सोयच नसेल, तर हा राउटर या कामाचा नाही असं मी स्पष्ट म्हणेन.

तिसरं कारण सगळ्यात छळवादी, म्हणून त्यावर जरा थांबतो. स्टॅटिक राउट टाकल्यावर तुमचं पॅकेट १.२० ला कसं जातं? २.१० पासून नव्या राउटरला, तिथून थेट सर्व्हरला. आणि उत्तर? सर्व्हर ते अजूनही १.१ ला देतो, १.१ ते १.२ ला, आणि १.२ तुम्हाला. जाताना एक राउटर, येताना दोन. पिंगला त्याचं काही वाटत नाही. पण जुन्या राउटरवरची फायरवॉल संभाषणांचा हिशेब ठेवणारी असेल तर तिला अर्धंच संभाषण दिसतं: टीसीपीची (आधी हाक-होकार करून मग बोलण्याची पद्धत) पहिली हाक तिच्यासमोरून गेलीच नाही, आणि होकार मात्र आला. ती म्हणते, हा कसला होकार, आणि टाकून देते. मग लक्षण असं दिसतं: पिंग झकास, फोल्डर उघडत नाही, प्रिंटरचं पान येत नाही. अशा वेळी लोक केबल, ड्रायव्हर, पासवर्ड सगळं तपासतात. तुमच्याकडे परतीची वाट अशी वेगळी आहे का, हे शोधायला पिंगच्या उत्तरातला टीटीएलचा आकडा बघा. विंडोज पॅकेट सोडताना त्यात १२८ घालतं, लिनक्स ६४, आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. विंडोज-सर्व्हरचं उत्तर १२७ घेऊन आलं तर परतताना एकच राउटर लागला. १२६ आला तर दोन. ट्रेसर्ट तुम्हाला जाण्याची वाट दाखवतो, परतीची वाट हा छोटासा आकडा सांगतो, आणि तो कुणी बघत नाही. पहिलं उत्तर १२६ आणि पुढची १२७ असंही दिसेल. ते १.१ ने सर्व्हरला 'याला थेट १.२ कडेच दे' असा रिडायरेक्ट पाठवल्याचं लक्षण. ही तपासणी करण्याआधी सर्व्हरवरची ती तात्पुरती नोंद काढायला विसरू नका (राउट डिलीट १९२.१६८.२.०), नाहीतर १२७ च दिसेल आणि फसाल.

यावर उपाय दोन. एक, १.० मधल्या यंत्रांना २.० ची वाट डीएचसीपीमधूनच द्यायची. त्यासाठी १२१ क्रमांकाचा पर्याय असतो, तुमच्या राउटरवर तो भरायची सोय आहे का बघा. दुसरा, दोन राउटरांमध्ये त्यांच्यापुरतंच वेगळं छोटं सबनेट ठेवायचं, उदाहरणार्थ १०.०.०.०/३०, ज्यात वापरण्याजोगे दोनच पत्ते असतात. मग १.० मधून २.० कडे जाणारं सगळं येताजाता १.१ मधूनच जातं आणि अर्धं संभाषण उरत नाही. पण त्यासाठी जुन्या राउटरला स्वतंत्र पत्ता देता येईल असा आणखी एक पोर्ट लागतो, आणि साध्या राउटरवर तो मिळत नाही.

प्रिंटरबद्दल वेगळं लिहितो, कारण त्याने मला एकदा पुरतं रडवलं होतं. एका छोट्या नेटवर्कमध्ये जुना राउटर काढून मी नवा बसवला आणि दुसऱ्या सबनेटमधून छपाई बंद पडली. काल चालत होतं, आज नाही, बदललाय फक्त राउटर. मी दिवसभर नव्या राउटरमागे लागलो. संध्याकाळी शेवटी प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर जाऊन त्याचं कॉन्फिगरेशन वाचलं. मास्क २५५.२५५.०.० होता. म्हणजे प्रिंटरच्या लेखी १९२.१६८ ने सुरू होणारा प्रत्येक जण त्याचा शेजारी. दुसऱ्या सबनेटच्या संगणकाला उत्तर द्यायचं तर तो गेटवेकडे जातच नव्हता, एआरपीची हाक मारून वाट बघत होता. मग इतकी वर्षं कसं चालत होतं? जुना राउटर प्रॉक्सी एआरपी करत होता: पलीकडच्या यंत्राच्या नावाने आलेल्या हाकेला तो स्वतःच ओ देत होता. १९८७ च्या आरएफसी १०२७ मध्ये ही युक्ती सांगितली आहे. सबनेट कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही अशा यंत्रांची तिने सोय केली, आणि त्या मास्कची चूकही वर्षानुवर्षं झाकली. नव्या राउटरने झाकणं थांबवलं, एवढाच त्याचा अपराध. म्हणून तुम्हीही आजच प्रिंटरपाशी जा आणि पत्ता, मास्क, गेटवे तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. हाताने पत्ता दिलेल्या प्रिंटरमध्ये गेटवेचा रकाना बरेचदा रिकामा किंवा ०.०.०.० असतो, कारण एकाच सबनेटमध्ये तो कधी लागलेलाच नसतो. कॅमेऱ्यांचंही तसंच.

सगळं बरोबर असूनही प्रिंटर तुमच्या संगणकाच्या यादीत आपोआप दिसणार नाही. तो दोष समजू नका. प्रिंटर आपली ओळख ज्या हाकेने देतो ती २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, फक्त आपल्या सबनेटपुरती जाते, राउटर ती पुढे नेत नाही. प्रिंटर नावाने शोधण्याऐवजी १९२.१६८.१.५० हा पत्ता देऊन जोडा, बहुतेक प्रिंटर ९१०० या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, सेवेचा क्रमांक) छपाई घेतात. फाइल-सर्व्हरही आधी पत्त्याने उघडून बघा, नावाचं नंतर पाहू.

किरकोळ दोन गोष्टी. वायफाय आणि केबल दोन्ही जोडलेला लॅपटॉप चाचणीला घेऊ नका, त्याला दोन गेटवे असतात आणि तो कुठल्या वाटेने बोलतोय हे कळत नाही. आणि दोन्ही सबनेटच्या केबल चुकून एकाच स्विचमध्ये गेल्या नाहीत ना, ते बघा. गेल्या असतील तर २.० च्या संगणकाला पत्ता कधी १.१ देईल, कधी २.१.

आता तुम्ही न विचारलेलं. दोन राउटर खरंच हवेत का? तुमचा हेतू यंत्रं वेगळी ठेवण्याचा आहे, पण तुम्हाला दोन्हीकडून एकमेकांकडे जायचंही आहे. एवढ्यासाठी मी एकच बरा राउटर आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं करण्याची सोय) समजणारा एक स्विच घेतला असता. १.० आणि २.० दोन्ही सबनेट एकाच यंत्राच्या अंगणात येतात. दोन्ही त्याला मुळातच ठाऊक असतात, म्हणून स्टॅटिक राउट लागत नाही, अर्धं संभाषण उरत नाही, आणि कोणी कुणाशी बोलायचं याचे नियम एकाच ठिकाणी राहतात. त्यात स्विचच्या पोर्टांना टॅग लावण्याची वेगळी शिकवणी आहे, पण ती एकदाच घ्यावी लागते. आणि वेगळं ठेवण्याची खरी गरजच नसेल, फक्त आतल्या खोलीत जास्त पोर्ट आणि वायफाय हवं असेल, तर नव्या राउटरचा डीएचसीपी बंद करा, त्याला १.० मधला एक मोकळा पत्ता द्या आणि जुन्या राउटरची केबल त्याच्या बाहेरच्या पोर्टऐवजी लॅनच्या पोर्टमध्ये लावा. एकच सबनेट राहील. २५४ पत्ते छोट्या कार्यालयाला भरपूर होतात. नुसती यंत्रं वाढली म्हणून सबनेट तोडायची घाई मी केली नसती.

आहे त्याच रचनेत पुढे जायचं ठरवलंत तर आज रात्री फक्त स्टॅटिक राउटची नोंद करा आणि ती तीन पिंगं. एका वेळी एकच बदल. नाही जमलं तर मला पुन्हा लिहा आणि सोबत एवढं पाठवा: २.१० आणि १.२० या दोन्हींवरच्या 'राउट प्रिंट'ची पूर्ण यादी, प्रिंटरचा मास्क आणि गेटवे, आणि पिंगने नेमकं काय उत्तर दिलं ते शब्दशः. 'टाइम्ड आउट' आणि 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' यांत फार फरक आहे. दुसरा संदेश आला तर त्याच्या आधी कुणाचा पत्ता आहे तोही लिहा. तुमचाच पत्ता असेल तर पॅकेट तुमच्या खोलीबाहेर पडलेलंच नाही. राउटरचा असेल तर ते त्या राउटरपर्यंत जाऊन थांबलं आहे, आणि मग शोध तिथूनच सुरू करायचा.